छपाईच्या अलीकडचं पान

ब्रसेल्सच्या मध्यवर्ती स्टेशनपासून पायी दहा-एक मिनिटांवर, र्‍यू दे साब्ल या गल्लीत, कापडाच्या एका घाऊक व्यापाऱ्याने १९०६ मध्ये बांधून घेतलेली पेढी आहे. आराखडा व्हिक्टर ओर्ता या नामवंत वास्तुविशारदाचा. डोक्यावर काचेचं छत, लोखंडी खांबांवर वेलबुट्टी, समोर रुंद दगडी जिना. कापडाचा रंग दिवसाच्या उजेडात पारखायचा असतो, त्यामुळे पेढीत उजेड भरपूर. वॉकेझ यांचा हा व्यापार १९७० मध्ये बंद पडला, इमारत ओस पडली आणि मोडकळीलाही आली. १९८९ पासून तिथे बेल्जियमचं कॉमिक्स संग्रहालय आहे. दर्शनी दालनात टिनटिनचा लाल-पांढऱ्या चौकड्यांचा अग्निबाण उभा आहे आणि त्याच्याजवळ फोटो काढून घेणाऱ्यांची गर्दी असते.

पण हे संग्रहालय ज्या वस्तूंमुळे संग्रहालय ठरतं, त्यांना हा उजेड सोसत नाही. चित्रकारांनी स्वतःच्या हाताने काढलेली मूळ पानं मंद दिव्यांच्या दालनांत ठेवावी लागतात. तिथे पहिल्यांदा शिरणाऱ्याचा थोडा विरस होतो. पुस्तकात रंगीत पाहिलेलं पान भिंतीवर काळं-पांढरं असतं. आकार दीडपट, कधी दुप्पट. कडा मळलेल्या. कुठे पांढऱ्या रंगाचे लपके, कुठे पिवळी पडलेली चिकटपट्टी, कुठे निळ्या पेन्सिलीच्या रेघा. समासात कुणीतरी घाईघाईने लिहिलेल्या सूचना. संवादांचे फुगे कधी भरलेले, कधी चक्क रिकामे. पान अर्धवट राहिल्यासारखं वाटतं.

ते अर्धवट नसतं. ते छापखान्यात जाण्यासाठी तयार केलेलं पान असतं आणि तिथवर ते पूर्णच असतं. तैलचित्राचं काम चित्रकाराने कुंचला ठेवला की संपतं. कॉमिक्सचं पान मात्र पूर्ण होतं ते छापून, रंग भरून, वाचकाच्या मांडीवर आल्यावर. त्याच्या अलीकडचा प्रत्येक कागद हा कामाचा कागद असतो आणि तो लोकांनी कधी पाहावा अशी काढणाऱ्याचीही अपेक्षा नसते. म्हणून अशा प्रदर्शनात नुसतं ‘किती सुंदर रेघ’ म्हणत पुढे सरकलं की निम्मं पाहायचं राहून जातं. या पानावर कोणी, काय आणि कशासाठी केलं हे वाचायला लागलं, की त्याच मळक्या कागदासमोर पाय रेंगाळतात.

कॅमेऱ्यासाठी काढलेलं चित्र

विसाव्या शतकाचा बहुतेक काळ रीत अशी होती. चित्रकार जाड कागदावर काळ्या शाईने पान काढायचा. ते मोठ्या कॅमेऱ्यासमोर लावून त्याची निगेटिव्ह काढली जायची आणि तिच्यावरून छपाईचा ठसा किंवा प्लेट बनायची. आपल्याकडचे ब्लॉकमेकरही लाइन ब्लॉक असेच बनवत. या कामाच्या फिल्मला काळं आणि पांढरं एवढंच कळायचं, मधलं करडं तिच्या गावीही नसायचं. शिवाय ती निळ्या प्रकाशाला अतिशय संवेदनशील असल्यामुळे फिकट निळी रेघ तिच्या लेखी कोऱ्या कागदासारखी होती, आणि लाल रेघ जवळजवळ काळी.

एवढं ठाऊक असलं की पानावरच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. निळ्या पेन्सिलीने काढलेलं कच्चं चित्र खोडत बसायची गरज नव्हती, कॅमेरा ते पाहणारच नव्हता. म्हणून शाईच्या रेघेखाली निळी रेघ तशीच राहिलेली दिसते आणि दोन्हींची तुलना करता येते. हात आधी जरा वर होता, शाई करताना खाली आणला. डोकं मोठं झालं होतं, ते कमी केलं. पुस्तकात हे बदल कुठेच नसतात.

चूक झाली तर चित्रकार तिच्यावर पांढरा रंग लावून वर नव्याने काढायचा. त्या वेळी कागदही पांढरा आणि रंगही पांढरा. कॅमेऱ्याला दोन्ही सारखे. पण साठ-सत्तर वर्षांत कागद पिवळसर झाला आणि पांढरा रंग तसाच राहिला. त्यामुळे जे लपवण्यासाठी तो लावला होता, तेच आता सगळ्यात आधी डोळ्यांत भरतं. एखाद्या चेहऱ्यावर पाच ठिकाणी पांढरा दिसला तर तो चेहरा साधायला चित्रकाराला बराच त्रास झाला, हे वेगळं सांगावं लागत नाही.

काळ्या भागांचंही असंच. छापील पानावर रात्रीचं आकाश एकसंध काळं असतं. मूळ पानावर तिथे ब्रशचे फटकारे एकमेकांवर चढलेले दिसतात, मध्येच एखादी करडी फट सुटलेली असते. अर्धा राखाडी रंग हवा असेल तर चित्रकार बारीक ठिपक्यांची पारदर्शक चिकट फिल्म कापून त्या जागी बसवायचा. कालांतराने ती आक्रसते, कडा सुटतात आणि ठिपक्यांचा तुकडा मूळ जागेवरून थोडा सरकलेला दिसतो.

पानाचा आकार मोठा असण्यालाही कारण आहे. मोठं काढून लहान छापलं की रेघ घट्ट होते आणि हाताचे बारीक कंप झाकले जातात. अमेरिकेतल्या कॉमिक्सची पानं १९६७ च्या सुमारापर्यंत साडेबारा बाय साडेअठरा इंचांच्या चौकटीत काढली जात. मग ती चौकट दहा बाय पंधरा इंचांवर आली, कारण लहान पानांचे फोटो काढणं स्वस्त पडत होतं. चित्रकारांच्या सवयी एका झटक्यात बदलल्या. मोठ्या कागदावर कोपरापासून हात फिरवणाऱ्यांना आता मनगटाने काम करावं लागलं. दोन्ही काळातली पानं शेजारी लावली तर हा फरक सहज दिसतो. छापील अंकांचा आकार मात्र तोच राहिल्यामुळे वाचकांना त्याचा पत्ताही लागला नाही.

एका पानाची चार रूपं

ब्रसेल्सपासून तासाभराच्या आत लुव्हाँ-ला-नव्ह हे विद्यापीठाचं गाव आहे. तिथे जून २००९ मध्ये एर्जे संग्रहालय सुरू झालं. इमारत क्रिस्तियाँ द पोर्त्झांपार्क या फ्रेंच वास्तुविशारदाची. पत्ता २६, र्‍यू द्यु लाब्रादोर, म्हणजे पुस्तकांत टिनटिन जिथे राहायचा तोच. एर्जे हे टोपणनाव घेणारे जॉर्ज रेमी १९०७ मध्ये जन्मले आणि १९८३ मध्ये वारले. १० जानेवारी १९२९ रोजी एका वृत्तपत्राच्या बालपुरवणीत टिनटिन पहिल्यांदा अवतरला, तेव्हा ते अवघे २१ वर्षांचे होते.

एर्जे यांची छापील रेघ प्रसिद्ध आहे ती तिच्या स्वच्छपणामुळे. सगळीकडे सारख्या जाडीची, कुठेही सावलीची रेघाटणी नाही, सगळं कसं आधीच ठरल्यासारखं. त्यांचं पेन्सिलीचं पान पाहिलं की हा समज पार मोडतो. तिथे एका टिनटिनभोवती दहा-दहा रेघांचं जंजाळ असतं. धावणाऱ्या माणसाचा पाय तीन-चार जागी टाकून पाहिलेला असतो, पेन्सिल इतकी दाबून फिरवलेली की कागद खरवडलेला दिसतो. समासात त्याच हालचालीची आणखी दोन-तीन चित्रं, डोळ्यांच्या ठिपक्यांचे प्रयोग, कडेला काही हिशेब. या गुंत्यातून एर्जे सगळ्यात बोलकी रेघ निवडत आणि तेवढीच ट्रेसिंगने दुसऱ्या कोऱ्या कागदावर उतरवत. त्या कागदावर मग शाई. स्वच्छ रेघ ही अशी गाळून आलेली असते.

पुढे रंग. शाईच्या पानाची फिकट निळ्या किंवा करड्या रेघांतली एक प्रत कागदावर छापली जायची आणि रंगकार तिच्यावर जलरंगाने किंवा गुआश नावाच्या अपारदर्शक जलरंगाने रंग भरत. काळी रेघ वेगळ्या पारदर्शक फिल्मवर असायची, ती वर ठेवली की पान पुरं दिसे. १९५० मध्ये एर्जे यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला. तिथे पार्श्वभूमी, इमारती, वाहनं यांचं काम बॉब द मूर यांच्यासारखे सहकारी करत आणि रंगविभाग जोझेत बोजो सांभाळत. म्हणजे टिनटिनच्या एकाच पानाची किमान चार रूपं आहेत: पेन्सिलीचं, शाईचं, रंगाचं आणि छापील. यांतलं ‘मूळ’ कोणतं? संग्राहक शाईच्या पानाला सर्वाधिक पैसे मोजतात. पण चित्रकाराचा विचार सगळ्यात उघडा दिसतो पेन्सिलीच्या पानावर, आणि वाचकाच्या आठवणीतली छटा असते ती रंगकाराच्या कागदावर.

‘टिनटिन इन तिबेट’ हे पुस्तक याचं चांगलं उदाहरण आहे. १९६० मध्ये ते पुस्तकरूपाने आलं. त्यात टिनटिन आणि कॅप्टन हॅडॉक नेपाळला जाता जाता दिल्लीत थांबतात, कुतुबमिनार आणि लाल किल्ला पाहतात आणि रस्त्यातल्या एका गायीपुढे कॅप्टनची चांगलीच फजिती होते. एर्जे यातल्या कुठल्याही देशात गेले नव्हते. फोटो, मासिकं, प्रवासवर्णनं यांच्या फायलींवर स्टुडिओचं काम चाले. पुढे कथा हिमालयात शिरते आणि चौकटी पांढऱ्या होत जातात. शाईच्या पानावर बर्फ म्हणजे न रंगवलेला कागद. डोंगराची एक धार, माणसांच्या दोन आकृत्या, बाकी काही नाही. छापील पानावर त्याच जागी फिकट निळ्या-जांभळ्या छटा आहेत आणि थंडी जाणवते ती त्यांच्यामुळे. शाईच्या पानासमोर उभं राहिलं की कळतं, एर्जे यांनी रंगकारासाठी किती जागा मोकळी सोडली होती.

टिनटिनच्याच ‘ब्लू लोटस’ या चीनमधल्या कथेची गोष्ट वेगळी. १९३४ मध्ये ब्रसेल्सच्या कला अकादमीत शिकणारा झांग चोंगरेन हा तरुण चिनी शिल्पकार एर्जे यांना भेटला. चीनबद्दलच्या युरोपियन समजुती किती वेडगळ आहेत हे त्याने मित्राला समजावलं, आणि त्या कथेतल्या रस्त्यांवरच्या पाट्यांची चिनी अक्षरंही लिहून दिली. चिनी वाचणाऱ्याला त्या पाट्यांत जपानी आक्रमणाविरुद्धच्या घोषणा सापडतात. त्या पानांसमोर उभं राहताना एकाच कागदावर दोन माणसांची अक्षरं आहेत हे ध्यानात ठेवावं.

समासातलं बोलणं

अमेरिकन कॉमिक्सच्या पानांवर तर एकाच कागदावर पाच-सहा जणांचे हात असतात. पेन्सिल एकाची, शाई दुसऱ्याची, अक्षरं तिसऱ्याची. अक्षरं लिहिणारा आधी पेन्सिलीने बारीक समांतर रेघा आखून घेई आणि त्यांच्यात टाकाने संवाद भरे. त्या रेघा अजून दिसतात. पानाच्या माथ्यावर अंकाचं नाव, पानाचा क्रमांक, मागे परीक्षण मंडळाचा किंवा कंपनीचा शिक्का. वाक्य बदललं असेल तर कागदाची चिठ्ठी कापून वर चिकटवलेली असते आणि रबर सिमेंटचा डाग तपकिरी होऊन तिच्या कडेने बाहेर आलेला असतो.

१९६० च्या दशकात मार्व्हल कंपनीत कामाची एक खास पद्धत होती. लेखक स्टॅन ली चित्रकाराला कथेची ढोबळ रूपरेषा देत. चित्रकार सगळं पान मांडून काढी आणि संवाद त्यानंतर भरले जात. त्यामुळे कोणत्या चौकटीत काय चाललंय, कोण काय म्हणतंय, हे चित्रकाराला समासात लिहून कळवावं लागे. जॅक कर्बी यांच्या पानांच्या कडेला त्यांच्या हातच्या अशा पेन्सिलीच्या नोंदी सापडतात. कथा नक्की कोणाची, यावर गेली कित्येक वर्षं वाद चालू आहेत. त्या वादातला मोठा पुरावा या समासांत आहे, आणि छपाईत नेमके समासच कापले जात.

भिंतीवर जे नसतं तेही ध्यानात घ्यायला हवं. अमेरिकन पानावर रंग नसतो, कारण रंगाचं काम दुसऱ्या कागदावर व्हायचं. रंगकार पानाच्या छोट्या प्रतीवर रंग भरून प्रत्येक जागी छपाईच्या रंगाचं सांकेतिक प्रमाण लिहीत. त्यावरून कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्ट शहरातल्या एका कारखान्यात बहुतांशी बायका हाताने रंगविभाजन करत. त्यांची नावं कुठल्याही अंकावर नाहीत. मारी सेव्हरिन यांच्यासारख्या अव्वल रंगकार-चित्रकाराचं काम त्यामुळे ‘मूळ कले’च्या प्रदर्शनात फार कमी दिसतं. शाईचं पान चौकटीत जातं आणि रंगाचा कागद बहुतेक वेळा फायलीत राहतो.

थरथरणारी रेघ

याच्या अगदी उलट टोकाला चार्ल्स शुल्झ. ‘पीनट्स’ ही त्यांची चित्रपट्टी २ ऑक्टोबर १९५० ला सुरू झाली आणि जवळजवळ ५० वर्षं चालली. एकूण १७,८९७ पट्ट्या. कल्पना, पेन्सिल, शाई, अक्षरं, सगळं एकट्याचं, हाताखाली कुणी नाही. एस्टरब्रूक कंपनीची एक ठरावीक निब त्यांच्या हातात बसलेली होती. ती निब बंद होणार असं कळल्यावर त्यांनी शिल्लक साठा विकत घेऊन ठेवला. १२ फेब्रुवारी २००० च्या रात्री ते वारले आणि दुसऱ्या दिवशीच्या रविवारच्या अंकांत त्यांची शेवटची पट्टी छापून आली. कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा या त्यांच्या गावी २००२ पासून त्यांचं संग्रहालय आहे.

१९८१ मध्ये हृदयाची शस्त्रक्रिया झाल्यानंतर त्यांच्या हाताला कंप सुटला आणि पुढे तो वाढत गेला. वर्तमानपत्रात पट्टी लहान छापली जाई, त्यामुळे तो चटकन लक्षात येत नसे. मूळ कागदावर मात्र लपायला जागा नाही. साठच्या दशकातल्या एका पट्टीत चार्ली ब्राउनच्या डोक्याचा गोल एका दमात काढलेला असतो. निब कुठे टेकली आणि कुठे उचलली हे शाईच्या जाडीवरून सांगता येतं. नव्वदच्या दशकातल्या पट्टीत तोच गोल बारीक लाटांचा झालेला असतो. जमिनीची रेघ, कुंपणाची फळी, स्नूपीच्या घराचं छप्पर, सगळीकडे ती लाट आहे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की पांढऱ्या रंगाच्या दुरुस्त्या फारशा नाहीत. शुल्झ यांनी ती थरथर झाकायचा प्रयत्न केला नाही. तिच्यातूनच कुत्र्याची लव काढली, पाऊस काढला, गवत काढलं. या दोन पट्ट्या एकाच भिंतीवर असल्या तर माहितीफलक वाचायचीही गरज उरत नाही.

रद्दी ते लिलाव

ही पानं आज दुर्मीळ आहेत, कारण ती कुणाला हवीच नव्हती. निगेटिव्ह निघाली की कागदाचं काम संपलं. न्यूयॉर्कच्या प्रकाशकांकडे कित्येक पानं कापून टाकली गेली, काही गोदामात भिजली, काही भेटीला आलेल्या मुलांना वाटली गेली. कॉमिक्सची मालकी कंपनीची, म्हणून कागदही कंपनीचा, अशी समजूत होती. अपवाद थोडे. ईसी कॉमिक्सचे मालक बिल गेन्स यांनी आपल्या अंकांची जवळजवळ सगळी मूळ पानं कुलुपात सांभाळून ठेवली. म्हणून त्या एका कंपनीचा इतिहास आज मूळ कागदांवरून मांडता येतो.

१९७० च्या दशकात अमेरिकन कंपन्या चित्रकारांना पानं परत द्यायला लागल्या. पण जुन्या पानांचं काय, हा प्रश्न राहिला. मार्व्हलसाठी हजारो पानं काढलेल्या जॅक कर्बी यांना ती मिळवायला बरीच वर्षं झगडावं लागलं. शेकडो चित्रकारांनी त्यांच्या बाजूने सह्या केल्या आणि १९८७ मध्ये त्यांच्या हाती साधारण दोन हजार पानं आली. बाकीची कधीच परतली नाहीत.

आता भाव पाहा. ‘ब्लू लोटस’च्या मुखपृष्ठासाठी एर्जे यांनी १९३६ मध्ये गुआशमध्ये केलेलं चित्र रंगीत छपाई परवडत नाही म्हणून बाजूला पडलं. प्रकाशकाच्या लहान मुलाला ते भेट मिळालं आणि घडी घालून खणात पडून राहिलं, असं त्या घराण्याने सांगितलं. जानेवारी २०२१ मध्ये पॅरिसच्या लिलावात ते सुमारे ३२ लाख युरोंना गेलं. घड्यांच्या खुणा त्याच्यावर अजून आहेत. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०२२ मध्ये, स्पायडरमॅनच्या काळ्या पोशाखाचा उगम दाखवणारं १९८४ चं एक पान ३३ लाख ६० हजार डॉलरला विकलं गेलं.

याचा दुसरा अर्थ असा की संग्रहालयांना ही पानं विकत घेणं परवडेनासं झालं आहे. ती येतात देणगीतून. १९६२ मध्ये स्पायडरमॅनची पहिली कथा ज्या अंकात आली, त्या अंकाची स्टीव्ह डिटको यांनी काढलेली सगळी २४ पानं २००८ मध्ये कुणीतरी वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकली. लिलावात त्यांचं काय मोल आलं असतं याचा अंदाज करता येतो. देणाऱ्याने नाव जाहीर होऊ दिलं नाही.

भिंतीवर यायला लागलेली वर्षं

मूळ पानं भिंतीवर लावावीत ही कल्पनाही सहज रुजली नाही. १९५१ मध्ये ब्राझीलमधल्या साव पावलो शहरात काही तरुणांनी अमेरिकन चित्रकारांकडून मूळ पानं मागवून एक प्रदर्शन भरवलं. या प्रकारचं ते सगळ्यात आधीचं मानलं जातं. १९६७ मध्ये पॅरिसला लूव्र राजवाड्यातल्या सजावटी कलांच्या संग्रहालयात कॉमिक्सचं मोठं प्रदर्शन झालं, पण तिथे भर होता एकेका चौकटीच्या भल्यामोठ्या फोटोंवर. कॉमिक्सला चित्रकलेच्या पंक्तीत बसवायचं तर ती चित्रासारखी मोठी दिसायला हवीत, असा तो विचार. मळका, पांढरा फासलेला कागद त्या काळी संयोजकांना दाखवण्याजोगा वाटला नाही.

हळूहळू दृष्टी बदलली. १९७७ मध्ये चित्रपट्टीकार मिल्टन कॅनिफ यांच्या कागदपत्रांपासून अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात एक संग्रह सुरू झाला. आज बिली आयर्लंड ग्रंथालय आणि संग्रहालय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जागी सुमारे तीन लाख मूळ चित्रं आहेत. वाचनालयं वर्तमानपत्रांचे जुने गठ्ठे टाकून देत असताना बिल ब्लॅकबिअर्ड या गृहस्थांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या आपल्या घरात चित्रपट्ट्यांची कात्रणं साठवली होती. १९९८ मध्ये तीही इथे आली, वजनाने सुमारे ७५ टन. २००५ मध्ये लॉस एंजेलिसच्या दोन संग्रहालयांनी मिळून १५ अमेरिकन चित्रकारांचं गाजलेलं प्रदर्शन भरवलं. पंधराही पुरुष होते, यावर तेव्हाच टीका झाली. २०१९ मध्ये ब्रिटिश म्युझियमने जपानी मांगाला मोठी जागा दिली, आणि २०२४ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने इमारतीचे मजलेच्या मजले कॉमिक्सला दिले.

पण चौकटीत जाताना पान काहीतरी गमावतंच. कथेच्या मधलं एक पान एकटं लटकतं, त्याच्या आधी काय झालं आणि पुढे काय होणार हे पाहणाऱ्याला कळत नाही. चित्रकाराने पान उलटायच्या जागी जो धक्का योजलेला असतो, तो भिंतीवर उडून जातो. म्हणून चांगल्या प्रदर्शनात मूळ पानाच्या शेजारी छापील अंक ठेवतात, सलग चार-पाच पानं लावतात, मधोमध बाकावर बसून पुस्तक वाचायची सोय करतात. अशी सोय दिसली की आधी वाचावं आणि मग भिंतीकडे वळावं. चौकट कुठून कुठे जाते हे डोक्यात असलं की पांढऱ्या रंगाची दुरुस्ती कशासाठी होती ते उमगतं.

उजेडाचा हिशेब

मंद दिव्यांबद्दल तक्रार करणारे पुष्कळ भेटतात. कागद, जलरंग, मार्कर अशा नाजूक वस्तूंसाठी संग्रहालयं साधारण ५० लक्स उजेड धरतात. आपल्या कार्यालयांत तीनशे ते पाचशे लक्स असतो, खिडकीजवळ दिवसा हजारोंनी. उजेडाने होणारी इजा साठत जाते आणि भरून निघत नाही. पानाला काही महिने भिंतीवर आणि मग काही वर्षं अंधाऱ्या पेटीत ठेवतात ते याच कारणाने. त्यामुळे एकाच संग्रहालयात दोनदा गेलं तर दोन्ही वेळा तीच पानं दिसतील याची खात्री नसते.

सगळ्यांना धोका सारखा नसतो. जिला इंडिया इंक म्हणतात ती काळी शाई काजळीच्या कार्बनची असते, ती उजेडाने सहसा उडत नाही. रंगकारांचे द्रवरूप भडक रंग आणि फेल्टपेनच्या रेघा मात्र काही वर्षांत फिकटतात. जपानमध्ये यावर एक तोड निघाली. केइको ताकेमिया या नामवंत मांगा चित्रकर्तीने क्योतो सेइका विद्यापीठात मूळ पानांच्या हुबेहूब प्रती बनवण्याचा प्रकल्प सुरू केला. पान स्कॅन करून त्याच्या शेजारी ठेवून रंग जुळवतात, पेन्सिलीच्या खुणा, पांढऱ्याचे डाग, समासातल्या सूचना सगळं तसंच उतरवतात. प्रदर्शनात प्रत लागते आणि मूळ पान अंधारात राहतं. क्योतोचं मांगा संग्रहालय २००६ पासून एका जुन्या शाळेच्या इमारतीत चालतं, तिथेही अशा प्रती मांडल्या गेल्या आहेत. छपाईसाठीच जन्मलेल्या पानाची अशी प्रत पाहण्यात वावगं काही नाही. फक्त फलकावर तसं लिहिलेलं असावं.

आपल्या कपाटातली पानं

मराठी वाचकाला हा विषय परका नाही. मुंबईत अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथा’चा चेहरामोहरा घडवणाऱ्यांत राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम ही मराठी मंडळी होती. वाईरकरांनी कृष्ण काढला आणि ‘टिंकल’मधला शेंडीवाला सुपंडीही. मुळीकांनी पुढे राज कॉमिक्ससाठी नागराज उभा केला. ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून वेताळ मराठीत घरोघर पोचला होता. आणि शि. द. फडणीसांनी आपल्या चित्रांची ‘हसरी गॅलरी’ गावोगावी नेऊन, छापील अंकापलीकडे चित्र भिंतीवर कसं दिसतं ते लोकांना दाखवलं.

याशिवाय दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, पाठ्यपुस्तकांतली चित्रं, किशोर मासिकांतल्या चित्रकथा, वर्तमानपत्रांची व्यंगचित्रं असं अफाट काम महाराष्ट्रात झालं. ते सगळं आधी कुणाच्या तरी टेबलावर, कागदावर, टाकाने आणि ब्रशने झालं. त्यातला काही भाग चित्रकारांच्या वारसांच्या माळ्यावर, जुन्या छापखान्यांच्या कपाटांत आणि संपादकांच्या घरी पडून असणार. आजचे चित्रकार थेट पडद्यावर काढतात. त्यांच्या कामात निळी रेघ आणि पांढरा लपका राहतच नाही, त्यामुळे जुने कागद आणखी मोलाचे.

असं एखादं पान हाती आलं तर फार काही करायचं नसतं, काही गोष्टी टाळायच्या असतात. लॅमिनेशन करू नये, ते पुन्हा काढता येत नाही. फाटलं असलं तरी सेलोटेप लावू नये, तिचा गोंद कागदात उतरतो. सुटलेली चिठ्ठी फेकू नये, पानासोबतच पाकिटात ठेवावी. घडी घालू नये, गुंडाळी करू नये. आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात, सपाट, कोरड्या जागी ठेवावं, माळ्यावर आणि ओल येणाऱ्या भिंतीजवळ तर नाहीच. कोणाचं, कुठल्या अंकासाठी, कोणत्या साली, हे ठाऊक असेल तर पाकिटावर पेन्सिलीने लिहून ठेवावं, कारण ते सांगणारी माणसं कागदांच्या आधी जातात. आणि फ्रेमवाला कडा सारख्या करून देतो म्हणाला तर त्याला हात लावू देऊ नये. पान कसं झालं, कोणी कोणाला काय सांगितलं आणि कुठे ऐकलं नाही, हे त्या कडांवरच लिहिलेलं असतं.